मंजुरीआधीचा स्लॅब

नाना, तुम्ही गेलात याची मी दोनदा खात्री करून घेतली. सकाळी काकूंचा फोन आला, दोन गल्ल्या ओलांडून मी धावत आलो, तेव्हा डॉक्टर हात धुऊन पुसत होते. "गेले," म्हणाले. तुम्ही पलंगावर भिंतीला टेकून बसलेले, चष्मा डोळ्यांवर, मांडीवर आदल्या दिवशीचा पेपर. मी तरीही तुमच्या नाकाशी हात धरला, मग मनगट चाचपलं. जमलेल्या बायांपैकी कुणीतरी म्हणालंही, "आरं, डाक्टर सांगायलेत की." पण सवय तुम्हीच लावलेली. लाइन बंद केली असं कुणीही येऊन सांगो, टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. तुम्हाला टेस्टर कुठला लावणार, म्हणून हात लावला. थंड होतात. मग मात्र मी तिथंच फरशीवर बसलो.

तेराव्याला मांडवात चार लोक बोलले. कुणी म्हणालं देवमाणूस, कुणी म्हणालं कधी कुणावर अविश्वास दाखवला नाही. मी मागं बसून ऐकत होतो आणि मला त्यातलं एक अक्षर पटत नव्हतं. देवमाणूस कसले? उभ्या परभणीत तुमच्याएवढा संशयी गृहस्थ नव्हता. दूधवाल्यानं माप टाकलं की फेस बसेपर्यंत त्याला दारात उभं करायचात. बसस्टँडच्या फलकावर साडेदहाची गाडी लिहिलेली असली तरी खिडकीत जाऊन विचारायचं, मग कंडक्टरला विचारायचं आणि गाडीत बसल्यावर शेजारच्याला. काकूंनी भाजीत मीठ टाकलंय असं त्या स्वतः सांगत असताना तुम्ही आधी मला चाखायला लावायचात. असा माणूस देवमाणूस असेल तर देवाचं काही खरं नाही.

आणि हाच संशय तुम्ही मला शिकवलात, वायर सोलायला शिकवली तसाच, हातात हात धरून. देवगाव फाट्यावरच्या जिनिंगचं काम आठवतंय ना? मी तुमच्याकडं नवाच लागलो होतो. मालक स्वतः मंजूर ड्रॉइंग घेऊन आला, खाली गोल शिक्का, सही, सगळं जिथल्या तिथं. आम्ही सगळे हातोड्या घेऊन तयार. तुम्ही ड्रॉइंग उन्हात धरलं, अंगठा जिभेला लावला आणि शिक्क्यावरून फिरवला.

"शेटजी, शिक्का पुसंना झालाय," तुम्ही म्हणालात.

"पक्का हाय म्हनून पुसंना, नाना."

"शिक्का पक्का नसतोय. झेरॉक्स पक्की असतीय."

दुसऱ्या कुठल्या तरी कागदावरचा शिक्का त्यानं झेरॉक्समधून उतरवला होता. तुम्ही आवाज चढवला नाही. सामान परत गाडीत भरायला सांगितलंत, फाट्यावर आम्हाला भजी खाऊ घातलीत आणि घरी आणलंत. पुढं दीड महिना आपल्याला काम नव्हतं. मी तेव्हा मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या होत्या. आज कबूल करतो, उगाच दडवून ठेवायला आता कुणाला भ्यायचं?

आपल्या धंद्यातली ही गोष्ट बाहेरच्याला सांगितली तर त्याला हसू येतं. त्याला वाटतं वायरमन आला, खिळे ठोकले, बटण दाबलं, दिवा लागला. त्याआधी प्रत्येक मजल्याचं ड्रॉइंग काढावं लागतं, वायरींचे पाइप कुठून कुठं जाणार, मुख्य पॅनल कुठं बसणार ते दाखवावं लागतं. कुठली केबल, कुठलं बटण, कुठला पाइप वापरणार त्याचे तुकडे नमुना म्हणून द्यावे लागतात. सल्लागार ते तपासतो, लाल पेनानं खोडतो, परत पाठवतो. आपण दुरुस्त करतो, तो पुन्हा खोडतो. शेवटी शिक्का बसतो आणि मगच हात लावायचा. कारण पाइप स्लॅबच्या पोटात जातात, आणि एकदा वरून काँक्रीट पडलं की चुकलेला पाइप काढायला कुणाचा बाप येत नाही.

तुम्ही नमुने फळीवर बांधायचात, प्रत्येक तुकड्याखाली चिठ्ठी, त्यावर तुमचं ते आखलेल्या वहीतल्यासारखं अक्षर. एकदा ती दोन फुटी फळी मांडीवर घेऊन आपण नांदेडच्या एसटीत बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, हे काय इकायलाव?" तुम्ही त्याला प्रत्येक केबलचं नाव सांगत गेलात. अर्ध्या वाटेपर्यंत त्याला अर्थिंग का करतात ते समजलं होतं, आणि तो आपलं तिकीट फाडायचंच विसरला. उतरताना तुम्हीच त्याला हटकून तिकीट फाडायला लावलंत. मला शंका आहे की तुम्ही त्याचीही परीक्षाच घेत होता.

आता पालमचं बोलतो. मांडवात ते कुणी काढलं नाही, आणि काढलं असतं तर मी उठून गेलो असतो.

पालमच्या त्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह हे माझ्या नावावरचं पहिलं काम. आजवर सगळी कामं तुमच्या परवान्यावर झाली, मी तुमच्या हाताखालचा. दोन वर्षांपूर्वी माझा परवाना आला आणि ह्या कामाच्या कागदावर जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव लागलं. तुम्हीच लावायला सांगितलंत. मी ड्रॉइंग काढलं, मुख्य पॅनल जिन्याखाली दाखवलं, कारण तिथं जागा रिकामी होती आणि सगळे पाइप सरळ यायचे. ड्रॉइंग नांदेडला सल्लागार मॅडमकडं गेलं आणि तिथंच बसलं. तिकडं सेंटरिंग झालं, लोखंड बांधून झालं. आणि गोविंद मुकादमाची टोळी निघायला टेकली.

ही आपल्याकडची तऱ्हा बाहेरच्यांना कळायची नाही. जी माणसं पावसाळाभर स्लॅब टाकतात तीच दिवाळीच्या तोंडावर कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. गोविंदच्या टोळीची गाडी शनिवारी लागणार होती. ती गेली की स्लॅब अडकला. आणि वसतिगृह तर ह्याच लोकांच्या पोरींसाठी होतं. आई-बाप कारखान्याकडं गेले की पोरींनी मागं राहून शाळा करावी म्हणून. गोविंदची स्वतःची थोरली त्या यादीत होती.

"नाना, टोळी शनवारी जायलीय," मी म्हणालो. "गेली की होळीपस्तोर तोंड दिसनार न्हाई."

"न दिसंना का. कागद आल्याबिगर पाइप टाकायचा न्हाई."

"संस्थेचे सचिव म्हनतेत मॅडमशी बोलनं झालंय. होऊन जाईल म्हनल्यात."

"होऊन जाईल म्हंजे झालेलं न्हाई, बालाजी."

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा किडा शिरला. इतकी वर्षं तुमचं नाव होतं, तेव्हा कामं कशी वेळेवर व्हायची? आता माझं नाव आलं आणि नेमकं आताच सगळं अडतंय. म्हातारा मुद्दाम तर करत नाही? नांदेडच्या ऑफिसात तुमची ओळख जुनी. एका फोनवर तुम्ही सही आणू शकला असता, आणि एका फोनवर थांबवूही शकला असता. असं मला वाटलं, आणि एकदा वाटायला लागल्यावर थांबलं नाही. तुम्ही चहाला नको म्हणालात तरी त्यात मला काहीतरी दिसायचं.

बुधवारी पहाटेच्या गाडीनं तुम्ही स्वतः नांदेडला निघालात. "मी आनतो सही. मी येईपस्तोर काही करू नको," म्हणालात. दुपारी तुमचा फोन आला, मॅडम दौऱ्यावर आहेत, उद्या येतील, बहिणीकडं मुक्काम करतो. मी बरं म्हणालो. माझ्या मागं तेव्हा चार माणसं लोखंडात पाइप बांधत होती.

"मागं कसला आवाज यायलाय?" तुम्ही विचारलंत.

"ट्रॅक्टर चाललाय रस्त्यानं."

तुम्ही फोन ठेवलात. तुम्हाला ट्रॅक्टरचा आणि हातोडीचा आवाज वेगळा कळत नव्हता असं मी कधीच मानणार नाही.

गुरुवारी सकाळी सचिवांचा फोन आला, मी सगळं बघतो, तुम्ही सुरू करा. गोविंद खाली उभा होता. "दादा, काय करायचं सांगा. मान्सं बसून हायत." मी म्हणालो, करा सुरू. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. सचिवांचं नाव पुढं करून मी महिनाभर स्वतःची समजूत घातली, पण तो शब्द माझ्याच तोंडातून गेला.

तुम्ही उन्हं कलताना आलात. शेवटचा कोपरा सारखा करायचं चाललं होतं. काखेत ड्रॉइंगची गुंडाळी, पायात ते झिजलेले बूट. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. टोळी जाणार होती, सचिव म्हणाले होते, ढग आले होते. तुम्ही शिडीवर चढून ओल्या स्लॅबच्या कडेला उभे राहिलात, इकडून तिकडं बघितलंत, आणि विचारलंत, "पानी कवापासून मारनार?"

"उद्या सकाळी."

"गोनपाट टाका वरून. ऊन लय हाय."

एवढंच. तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. मी ओरडायच्या तयारीनं उभा होतो, माझा सगळा दारूगोळा तसाच राहिला.

मग बसस्टँडवर चहाच्या टपरीत तुम्ही गुंडाळी उलगडलीत. मंजुरीचा शिक्का नव्हताच. जिन्याखालच्या पॅनलवर लाल फुली होती आणि मॅडमच्या अक्षरात एक ओळ: पॅनल बाहेरच्या भिंतीला स्वतंत्र खोलीत, दार बाहेरून. म्हणजे माझे सगळे पाइप चुकीच्या भिंतीकडं येऊन काँक्रीटमध्ये गाडले गेले होते.

"कुनाला कळनार हाय?" मी म्हणालो. "प्लास्टर झालं की कोन बघतंय? कागदावर बाहेर दाखवू, पॅनल राहू दे जिन्याखाली."

तुम्ही कप खाली ठेवलात. "वर चाळीस पोरी झोपतेल. उतरायला जिना एकच. खाली पॅनलनं पेट घेतला त धूर कुठून जाईल?"

"पॅनल पेटतंयच कशाला, नाना?"

"पेटत न्हाई म्हनूनच कुनी बघत न्हाई." मग तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "मॅडमला लिहून दे. तुझ्या हातानं. मंजुरीआधी टाकला म्हनून."

"परवाना जाईल माझा."

"लिहून दिल्यावर न्हाई जानार. त्यायनी धरल्यावर जाईल."

मी म्हणालो देतो, दोन दिवस थांबा. तुम्हाला माझा शब्द पटला नाही हे मला दिसलं. पटायचं काही कारणही नव्हतं. मी ते पत्र लिहिलं नाही. एकदा कागद घेतला, "महोदया" लिहिलं आणि फाडला. दिवाळी झाली. पंधरा दिवस गेले, स्लॅबखालचे टेकू निघाले, आणि मला वाटायला लागलं की निभावलं.

मग मॅडम आल्या, न सांगता. गाडीतून उतरल्या त्या सरळ जिन्याखाली. कुठं जायचं ते त्यांना आधीच माहीत होतं. टॉर्च मारून त्यांनी पाइपांची तोंडं मोजली, वहीत लिहिलं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कळवलंत ते बरं केलंत. नाहीतर मला वरती लिहावं लागलं असतं." पॅनल बाहेर न्यायचं, ते पाइप बंद करायचे, सगळ्या लाइनी भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीत नव्यानं ओढायच्या, आणि तोवर पुढचं काम बंद. परवान्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मी कधी कळवलं? मला वाटलं बाई टोमणा मारतेय. कुणीतरी चुगली केली, आणि ही ती माझ्या तोंडावर फेकतेय. कुणी केली असेल त्याचा विचार करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. लाल फुली वाचलेली माणसं जगात तीन होती. त्यातल्या एक मॅडम, एक मी.

त्याच दुपारी मी तुमच्या घरी आलो. काकू ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"नाना, तुमी नांदेडला गेले होते का?"

"गेलो होतो."

"माझी तक्रार केली?"

"तक्रार न्हाई केली."

"मग मॅडमला काय सपान पडलं?"

तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतलात. "बालाजी, तू लिहिलं का पत्र?"

"मी काय विचारतोय, तुमी काय विचारायलाव!"

आणि मग मी ते बोललो. काकूंच्या समोर बोललो, हे जास्त लागलं असणार. "तुमाला माझं नाव परवान्यावर आलेलं बघवंना झालंय," असं म्हणालो. काकूंचे हात थांबले. तुम्ही चष्मा घातलात, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "चहा घेऊन जा." मी चहा न घेता निघून आलो.

त्यानंतर महिनाभर आपण बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही. तुम्ही तर रोज कामावर यायचात, कोपऱ्यात स्टुलावर बसून पट्टीचे तुकडे मापात कापून द्यायचात. मला काही विचारायचं असलं की पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात हवेत विचारायचात. एकदा तुम्ही हात-पाय धुवायला गेलात तेव्हा मी तुमची पिशवी उचकली. हो, उचकली. तुम्ही प्रत्येक कागदाच्या तीन प्रती ठेवणारे, तेव्हा तक्रारीची प्रत असणारच. पिशवीत टेस्टर, पाण्याची बाटली, गोळ्या आणि भाकरीचा डबा निघाला. प्रत नव्हती. मला समाधान वाटायला हवं होतं. उलट मला वाटलं, म्हातारा किती पोचलेला आहे, प्रतसुद्धा मागं ठेवली नाही.

गोळ्या कसल्या होत्या तेही मी वाचलं नाही. कागद शोधत होतो ना.

तुम्ही गेल्यावर काकूंनी तुमची पत्र्याची पेटी माझ्यापुढं ठेवली. "कामाचे कागद हायत. बघ बाबा, तुझेच हायत ते." त्या दिवशीही मी कागद वाचत नव्हतो, शोधत होतो. घरात पाहुणे, बाहेर तुमच्या दशक्रियेची तयारी, आणि मी पेटीत हात घालून तुमच्याविरुद्ध पुरावा धुंडाळतोय. मिळाला नाही. मला माझीच लाज वाटली, आणि तरी थोडी निराशाही झाली. हे सांगायला जीभ रेटत नाही, पण तुमच्याशी खोटं बोलून बघितलंय, त्यात काही राम नाही.

परवा तेरावं झालं आणि काल मी नांदेडला गेलो. आपल्या फर्मच्या कागदांवर दोन नावं होती, आता एकच राहिलं. तसं लिहून द्यायचं होतं. मी मॅडमच्या टेबलापुढं उभ्यानंच सही केली. त्या कागद फाइलला लावायला गेल्या, पानं उलटली आणि थांबल्या. मग त्यांनी फाइल माझ्याकडं फिरवली.

"ही सही तुमची आहे का?"

पत्र होतं. "मी खाली सही करणार बालाजी," अशी सुरुवात. पालम येथील वसतिगृहाच्या कामात मंजुरी मिळण्याआधी मी पाइप टाकून स्लॅब करून घेतला आहे, पॅनलची जागा चुकलेली आहे, तरी समक्ष पाहणी करून दुरुस्ती सांगावी, माझी चूक मला मान्य आहे. मजकूर टाइप केलेला. आवक शिक्का दिवाळीनंतरच्या सोमवारचा. खाली माझी सही.

माझी सही नाही, नाना. माझी सही वर चढत जाते, घाईत केलेली, शेवटी रेघ सुटलेली. ही जमिनीला समांतर होती. वरची रेघ पट्टी धरून ओढल्यासारखी सरळ. उभ्या आयुष्यात एकच माणूस मी असा बघितला जो सहीची रेघसुद्धा ड्रॉइंगसारखी मारतो.

माझ्या डोक्यात त्या एका क्षणात काय काय गेलं ते सांगतो. पहिला विचार असा की तुम्ही मला फसवलंत. सवय जात नाही. दुसऱ्यांच्या शिक्क्यावर अंगठा फिरवणारा माणूस, आणि ह्यानं माझी खोटी सही केली! दुसरा विचार हळूहळू आला. मी पंधरा दिवसांत लिहिलं नाही, आता मॅडमनी स्वतः येऊन धरलं तर परवाना गेला, आणि मी लिहिलं असं झालं तर वाचला. तुमच्या नावानं पत्र दिलं असतं तर ती तक्रार झाली असती. तुम्ही मला खरं तेच सांगितलं होतंत, तक्रार न्हाई केली.

मॅडम वाट बघत होत्या. दोन कागद शेजारी शेजारी, दोन सह्या, आंधळ्यालाही दिसावं इतका फरक. नाही म्हणालो तर पत्र खोटं ठरतं, मी कधी काही कळवलंच नव्हतं हे उघड होतं, आणि तेरा दिवसांपूर्वी जळून गेलेला माणूस मॅडमच्या फाइलमध्ये खोट्या सहीचा धनी होऊन बसतो. हो म्हणालो तर जे मी केलं नाही ते मी केलं असं होतं.

"माझीच हाय," मी म्हणालो.

"मग ही आजची?"

"ती बी माझीच."

त्यांनी दोन्ही सह्यांकडं पुन्हा एकदा बघितलं. मला वाटतं त्यांना कळलं होतं. तुमच्या हाताखाली राहून मला एवढं तर ओळखता येतं की समोरचा खात्री करतोय की निकाल देतोय. त्यांनी फाइल ओढून घेतली आणि म्हणाल्या, "नाना स्वतः घेऊन आले होते हे. मी विचारलं, बालाजी का नाही आला? तर म्हणाले, पोरगं लाजायलंय. पन लिहिलंय त्यानंच."

नाना, ओसरीवर तुम्ही मला विचारलं होतंत, तू लिहिलं का पत्र? मी त्याला फाटे फोडणं समजलो. आता वाटतं तुम्ही खरोखर विचारत होता. मी हो म्हणालो असतो, उशिरा का होईना लिहिलं असतं, तर तुमचं पत्र परत मागून घ्यायचा तुमचा विचार होता का? की सांगितलं असतं तर सही कुणी केली म्हणून मी तुमच्यावरच उलटलो असतो, ही तुम्हाला शंका होती? ती शंका बरोबर होती. मी उलटलोच असतो. महिनाभर तुम्ही माझ्या शेजारी बसून पट्ट्या कापत राहिलात, माझ्या तोंडावरचा संशय बघत राहिलात, आणि एक वाक्य बोलला असता तर सगळं मिटलं असतं. ते तुम्ही बोलला नाहीत याचा मला राग आहे. हा राग मी कुठं घेऊन जाऊ? तुमच्या पाया पडायचं राहिलं आणि तुमच्याशी भांडायचंही राहिलं, आणि दोन्हीतलं कुठलं आधी करावं ते मला अजून कळत नाही.

मी मॅडमकडं एक कोरा कागद मागितला.

"आता काय लिहिताय?" त्या म्हणाल्या. "हे आहे की फाइलला. दुरुस्तीही होत आलीय."

"त्यात एक गोष्ट राहिलीय."

त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. मी बसलो आणि तुमचा मजकूर ओळीनं उतरवून काढला, मंजुरी मिळण्याआधी मी पाइप टाकून स्लॅब करून घेतला आहे, माझी चूक मला मान्य आहे. सगळं तुमच्याच शब्दांत, फक्त अक्षर माझं, वर चढत जाणारं. मग खाली एक ओळ जास्तीची लिहिली. नानांनी मला थांबवलं होतं, मी ऐकलं नाही. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःचं नाव कुठंच घातलं नव्हतं.